पर्जन्यवीराची बैठक

बहात्तर साली पाऊस आला नाही, म्हणून बाभळखुंट्यात पावसाची सहकारी संस्था निघाली. यात नवल काही नव्हतं. जी वस्तू मिळेनाशी होईल तिची संस्था काढायची, असा परंडा भागात तेव्हा शिरस्ताच पडला होता. 'मेघवेध सहकारी पर्जन्य संस्था मर्यादित' असं नाव ठरलं, नानासाहेब बिनविरोध चेअरमन झाले आणि पाऊस कसा पाडतात याचा अभ्यास करायला मुंबईला गेले.

मुंबईत एका प्रदर्शनात त्यांना काचेच्या पेटीतला एक खेळ सापडला. नाणं टाकलं की पेटीतला धिप्पाड यंत्रमानव खांद्यावरची तोफ उडवायचा आणि आभाळातल्या उडत्या तबकड्या पाडायचा. तबकडीच्या जागी ढग धरला की पावसाचा प्रश्न सुटत होता. नानासाहेब त्या पेटीपासून हलेनात. एवढी मोठी तोफ उडते तरी गडी जागचा ढळत नाही, ही गोष्ट त्यांना फार भावली. छाती रुंद, कंबर बारीक, पाय काटक्यांसारखे. परत आल्यावर त्यांनी सभेत सांगितलं, "आपल्याला असाच पायजे. धक्का म्हणून लागत न्हाय त्याला." का लागत नाही, हे कोणी विचारलं नाही. अहवाल एकमतानं मंजूर झाला.

जागा ठरली हणमंतप्पाच्या रानात. गावात पाणी उरलं होतं ते त्याच्या एकट्याच्या विहिरीला. आज्यानं दगडानं बांधून काढलेली ती विहीर होती आणि सगळं गाव तिच्यावर तगून होतं. सिमेंट कालवायला पाणी लागतं, म्हणून हा तोफवाला गडी, ज्याचं नाव 'पर्जन्यवीर' ठेवलं होतं, विहिरीलगतच उभा करायचा असं ठरलं. हणमंतप्पाला विहिरीचा अभिमान होता. पण डायरेक्टर व्हायची हौसही होती, आणि नानासाहेबांनी तसा शब्द दिला होता. त्याची बायको म्हाळसाबाई भाकरी वाढताना म्हणाली, "तोफ हिरीपाशी नगं. हिरीला काय झालं तर गावानं कुठं जावं?" हणमंतप्पानं तिला समजावलं की तोफेचं तोंड आभाळाकडं आहे, विहिरीकडं नाही. मुद्दा बिनतोड होता.

आधी परंड्याच्या किल्ल्यातली एक तोफ मागून पाहिली. संबंधित खात्यानं कळवलं की सदर तोफा जतन करण्यासाठी आहेत, उडवण्यासाठी नाहीत. मग भंगारातल्या बॉयलरचा पाइप आणून तोफ केली. पत्रे ठोकून, सिमेंट भरून पर्जन्यवीर उभा राहिला. छाती पेटीतल्या गड्याची, पाय पेटीतल्या गड्याचे, मिशा मात्र नानासाहेबांच्या होत्या. चाचणीच्या दिवशी आभाळात ढग नव्हता. पण चाचणी तोफेची होती, ढगाची नव्हती. बार उडाला आणि पर्जन्यवीर हणमंतप्पाच्या गोठ्यावर उताणा पडला. जनावरं छावणीत होती म्हणून वाचली.

चौकशीसाठी 'शरीररचना उपसमिती' नेमली गेली. सरकारी ओव्हरसिअरनं तिच्यापुढं साक्ष दिली. वजन सगळं वर, तोफही वर, आणि खाली पाय काटक्यांचे. धक्का बसला की गडी उलथणारच. पेटीतला गडी हलत नाही, कारण त्याच्या तोफेत दारू नसते. हे शेवटचं वाक्य इतिवृत्तात घेऊ नये, असं ठरलं.

मागं पडतो, तर पुढं वजन द्या, असा तोडगा उपसमितीनं काढला. म्हणजे पोट. किती मोठं, यावर बराच खल झाला. अखेर नमुन्यासाठी संचालकांचीच पोटं मापली, कारण दुष्काळात सभासदांकडं मापण्याजोगं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या चाचणीला मंत्री आले. बार उडाला, पर्जन्यवीर मागं झुकला, पोटानं त्याला पुढं ओढलं आणि तो मंत्र्यांच्या पुढ्यात पालथा पडला. मंत्र्यांना वाटलं, साष्टांग नमस्कार घातला. त्यांना इतकं भरून आलं की अनुदान त्यांनी जागेवरच जाहीर केलं. आता रचनेत बदल करू नये, असं काही संचालकांचं मत पडलं.

ओव्हरसिअर मात्र या उचलठेवीला कंटाळला होता. तो म्हणाला, "उभाच कशाला पाहिजे? बसवा त्याला. बूड रुंद, वजन खाली, तोफ मांडीवर. मग नाही हलायचा."

ही गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, याची प्रत्येक संचालकाला लाज वाटली, कारण अनुभव सगळ्यांनाच होता. पर्जन्यवीरासाठी दणकट खुर्ची ओतली, तिचे चारी पाय जमिनीत खोल रोवले आणि त्याला वर बसवलं. तो बसलेला आता खरोखर नानासाहेबांसारखा दिसू लागला.

तिसऱ्या चाचणीला पर्जन्यवीर तसूभरही हलला नाही. पाहुण्यांच्या मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. हणमंतप्पा तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. तो विहिरीच्या काठावर अनवाणी उभा होता, आणि तळव्यातून शिरलेला हादरा त्याच्या दाढांपर्यंत पोचला होता. मागं दगड निखळल्याचा आवाज आला. तो वळेपर्यंत आज्याची बांधणी एका अंगानं आत ढासळली होती. पाण्यावर मातीचा लगदा झाला होता. हणमंतप्पाला रडू आवरेना.

तो तसाच धावत मांडवात शिरला. "साहेब, धक्का गेला म्हणलात," तो ओव्हरसिअरला म्हणाला. "मग माजी हीर कशानं ढासळली?"

"धक्का जात नसतो, हणमंतप्पा. उभ्याला तो पाडतो. बसलेल्याच्या खुर्चीतून तो खाली जमिनीत उतरतो," ओव्हरसिअर म्हणाला. "पुढं कोणाच्या विहिरीत निघतो, ते आमच्या खात्याकडं येत नाही."

नानासाहेबांनाही वाईट वाटलं. त्यांनी दिलेला शब्द तिथल्या तिथं पाळला. हणमंतप्पाला डायरेक्टर म्हणून घेतल्याचं जाहीर केलं, त्याच्या गळ्यात हार घातला आणि व्यासपीठावर आपल्या शेजारच्या गादीच्या खुर्चीत त्याला बसवलं. त्याच्या सन्मानार्थ आणखी एक बार काढायचा हुकूम झाला. हणमंतप्पानं डोळे घट्ट मिटून घेतले, खुर्चीचे हात धरले आणि वाट पाहिली. आवाज झाला. बाकी काही झालं नाही. त्यानं एक डोळा उघडून पाहिलं. गादी खरंच मऊ होती.

थोड्या वेळानं मांडवाच्या तोंडाशी रिकाम्या घागरी घेऊन बाया आल्या. पुढं म्हाळसाबाई होती, आणि तिच्या लुगड्यावर माती उडाली होती.

"आवो, पुन्यांदा हादरलं," ती म्हणाली. "ऱ्हायलेला काठ बी गेला. समदं पाणी बुजलं."

हणमंतप्पानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मला तर काय जाणवलं न्हाय," तो म्हणाला.

"जरा उठून हुभं ऱ्हावा. मंग कळंल."

हणमंतप्पानं नानासाहेबांकडं पाहिलं, मग गादीकडं पाहिलं. "आसं करा," तो बायांना म्हणाला, "लेखी द्या. पुढच्या मीटिंगीत घेऊ." एवढं बोलून तो जरा मागं रेलला.

पुढच्या साली पाऊस आपल्या पायांनी आला आणि संस्थेनं तो आपल्या कामगिरीत दाखवला. पर्जन्यवीर अजून तिथंच बसून आहे. ही हकिकत ऐकली की पुष्कळजण म्हणतात, काहीतरी वाढवून सांगताय, आम्हाला तर असला धक्का कधी जाणवला नाही. तुम्हीही तेच म्हणत असाल. नसेलच जाणवला. हे तुम्ही बसून वाचताय ना.