बबनरावांचा सव्वा महिना

"वजन टिकवनं? हातचा मळ हाये माह्या," बबनराव बिनसाखरेचा चहा पीत बायकोला, विजयमालाबाईंना म्हणाले.

फुशारकी खोटी नव्हती. कामरगावच्या या गड्यानं वर्षभरात बारा किलो उतरवले होते. पहाटे रस्त्यानं फिरायचं, रात्री एकच भाकर खायची आणि दर सोमवारी काट्यावर उभं राहायचं. एवढा नेम पाळायला कारणही तसंच होतं. वाशीमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन परत वाढलं तर शुगरच्या गोळ्या बंद आणि रोज सुई. बबनराव साप हातानं धरतील, पण सुई दिसली की त्यांना दरदरून घाम फुटतो.

घात केला लग्नसराईनं. आपल्याकडे पाहुणा "नको" म्हणाला की "अजून वाढा" असंच ऐकायची रीत आहे. यावर बबनरावांनी एक नामी युक्ती काढली.

"मी सांगतो, सव्वा महिन्याचा उपास धरला. देवाचं नाव घेतलं का आग्रह बंद."

"सरळ सांगा नं, डॉक्टरनं मना केलं म्हनून," विजयमालाबाई म्हणाल्या.

"लोक हासतीन. सुईले भेतो म्हनतीन."

पहिलीच पंगत शेजारच्या जगदेवच्या घरची. बबनरावांनी उपास सांगितला. जगदेवची बायको हेमला आत गेली आणि परातभर साबुदाण्याची उसळ घेऊन आली. वर शेंगदाण्याचा कूट, बाजूला तुपाची वाटी.

"भाऊजी, उपासाच्या मानसाले उपाशी धाडलं तं पाप लागते."

देवाचं नाव आपणच घेतलेलं! बबनराव निमूट जेवले. मग गावभर झालं, बबनराव मोठं कडक व्रत करून राह्यले. घराघरांतून भगर येऊ लागली, शेंगदाण्याचे लाडू येऊ लागले, बटाट्याचा किस येऊ लागला आणि सोबतीला जगदेवही रोज येऊन बसू लागला. शिवाय खरी भूक भाकरीशिवाय भागेना, म्हणून घरी दार लावून भाकर खावी लागे.

"एकादशी अन् दुप्पट खाशी," विजयमालाबाई कडी लावताना म्हणाल्या.

सोमवारचा काटा बंद झाला. उपासाच्या माणसानं वजन कशाला बघायचं? पहाटेचं फिरणंही सुटलं, कारण वाटेत कुणी ना कुणी केळी हातात ठेवी.

महिन्यानं वाशीमला गेले, तर काटा पाच किलो पुढे.

"काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही साहेब. उपास करून राह्यलो."

डॉक्टरांनी त्यांच्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं. "पंधरा दिवस देतो. नाही उतरलं तर सुई."

बबनराव एसटीतून उतरले. स्टँडवर जगदेव भेटला.

"जगदेव, आजपासून माहा उपास बंद."

"म्हंजे उद्यापन!" जगदेव आनंदानं ओरडला. "ते तं कराच लागते."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं पुरणपोळीची पंगत बसली. मानाच्या पाटावर बबनराव, शेजारी जगदेव. हेमला तिसरी पोळी घेऊन आली तेव्हा बबनरावांना पोळीच्या जागी सुई दिसायला लागली. त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"वहिनी, बस करा. उपास-बिपास काही नव्हता. वजन वाढलं तं डॉक्टर मले रोज सुई टोचनार हाये, अन् मले सुईचं लय भेव वाटते."

आता हसतील, म्हणून बबनरावांनी मान खाली घातली. पण कुणी हसलं नाही. जगदेवनं हातातला घास खाली ठेवला.

"हे महिन्याआधी काहून नाही सांगतलं बे? तू एकटा फराळ करशीन, बरं दिसत नाही म्हनून तुह्या संगं मी बी रोज उसळ खाल्ली. वरतून घरचं जेवन."

"मंग?"

जगदेवनं शर्टाचं पोटावरचं तुटलेलं बटण चाचपलं आणि आवाज खाली आणला.

"मलेबी शुगर हाये, कोनाले सांगतलं नाही. आता उद्यापासून सुई लावली डॉक्टरनं. संगं येशीन का? मलेबी लय भेव वाटते."