तीन चमचे ग्लिसरीन

अडोमाच्या दुकानातल्या प्रिंटरने ऐन शुक्रवारी संप पुकारला. शनिवारी सेरवाबाईंचं अंत्यकार्य होतं आणि मांडवात लावायचं त्यांच्या फोटोचं मोठं पोस्टर संध्याकाळपर्यंत हवं होतं. सेरवाबाईंच्या घराण्याचे प्रमुख दान्सोकाका बजावून गेले होते, "नीट झालं तर यापुढे आमचं प्रत्येक पोस्टर तुझं. बिघडलं, तर समोरचा दुकानदार बसलाच आहे!"

हरमाटानचा कोरडा वारा सुटला की घानातल्या या कुमासी शहरात माणसांचे ओठ फुटतात आणि प्रिंटरच्या बारीक भोकांत शाई वाळते. वैतागून ओठांना ग्लिसरीन लावता लावता अडोमा थबकली. "ओठांना चालतं, तर शाईला का नाही?"

"अगं बाई, नसते उद्योग करू नकोस," बहीण एफ्रिया म्हणाली.

"बघू तरी काय होतं!"

चार चमच्यांत शाई काकवीसारखी झाली आणि भोकातच अडून बसली. पाणी घातलं, तर सेरवाबाईंचं नाक गालभर पसरलं.

"ही कुणी दुसरीच दिसतेय," एफ्रिया म्हणाली.

मग एक चमचा हे, अर्धा चमचा ते, सगळं अंदाजपंचे. शेवटी असं पोस्टर उतरलं की पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा! अडोमा भलतीच खूश झाली.

ग्लिसरीन लावतात ते वाळू नये म्हणून, हे तिच्या डोक्यात दुसऱ्या दिवशी मांडवात शिरलं. सेरवाबाईंच्या थोरल्या लेकीने आईच्या फोटोतल्या लाल वस्त्रावरून रडत हात फिरवला आणि ती उजवीकडच्या पहिल्या खुर्चीवर बसली. येणारा प्रत्येक जण रीतीप्रमाणे उजवीकडून सुरुवात करून ओळीने सगळ्यांशी हस्तांदोलन करू लागला. तासाभरात अख्ख्या मांडवाचे तळवे लाल!

अडोमा खांबाआड लपली. दान्सोकाकांनी तिला बरोबर हुडकून काढलं.

"काका, चुकलं माझं..."

"गप! आमच्यातला तो बोआटेंग दहा वर्षं प्रत्येक अंत्यकार्याला सांगतोय, 'मी सगळ्यांच्या आधी येऊन भेटून गेलो.' आजही तेच म्हणाला. म्हटलं, हात दाखव. स्वच्छ! नुसता जेवायला येतो लेकाचा!" काकांनी आपला लाल तळवा अभिमानाने नाचवला. "पुढच्या शनिवारी मावशीचं पोस्टर. शाई हीच हवी. सुकणारी दिलीस, तर समोरच्याकडे जाईन."

अडोमा धावतच दुकानात आली.

"एफ्रिया, ग्लिसरीन शेवटी तीन चमचे झालं होतं की साडेतीन?"

"मला काय विचारतेस? मी नाकाकडे बघत होते!"