तुमच्याकडची जोडी

"मामा, तुमच्याकडच्या जोडीबद्दल शेजाऱ्यांकडून कळलं! इतकी वर्षं लपवून ठेवलंत ना? रविवारी येते रेकॉर्डिंगला."

भाचीचा हा निरोप मामांनी चष्मा पुसून तीनदा वाचला आणि ते मटकन खाली बसले. खरं तर भाचीला म्हणायचं होतं मामांच्या अंगणातल्या झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या पिंगळ्यांबद्दल, म्हणजे त्या चिमुकल्या घुबडांबद्दल. पण घाईत 'पिंगळे' हा शब्दच लिहायचा राहिला. तिच्या पॉडकास्टवर एका आठवड्याला शहरातले पशुपक्षी, दुसऱ्याला कलावंतांची आयुष्यं आणि तिसऱ्याला समलिंगी माणसांचे हक्क, असा फेरा असे. मामा जन्मभर नाटकांचे पडदे रंगवत आलेला माणूस, तरी ते ऐकायचे तो नेमका तिसरा आठवडा, आणि तोही कानात इयरफोनची बोंडं घालून. त्यामुळे 'जोडी' म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

त्यांनी फोन मोजणीकाकांपुढे धरला.

मोजणीकाका उद्यान खात्यातून निवृत्त झालेले. शहरातली झाडं मोजायचं काम त्यांच्याकडे असे. ऐन तरुणपणी ते वही घेऊन मामांच्या अंगणात झाडं मोजायला आले. झाड एकच होतं, पण ते मोजता मोजता संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मोजायला आले, आणि असं करता करता इथलेच झाले. मामांची बहीण, म्हणजे भाचीची आई, त्यांची ओळख 'दादाचे भाडेकरू' अशी करून देई. मामांना तो शब्द दर वेळी जिव्हारी लागे. मरायच्या आधी एकदा तरी, हा माणूस माझा भाडेकरू नाही, एवढं आपल्या तोंडाने सांगावं अशी त्यांची फार इच्छा होती.

"सांगून टाकू या का रे?" मामांनी विचारलं.

"मी नाही बोलणार. इतकी वर्षं गप्प बसलो, आता म्हातारपणी दवंडी पिटू?"

आठवडाभर घरात धुसफूस चालली. रविवारी सकाळी मामा शर्टाला इस्त्री करायला लागले तेव्हा मोजणीकाकांना राहवेना.

"नुसता आवाज जाणार आहे ना? मग आवाजाला इस्त्री कशाला?"

"माझा आवाज आहे, मी काहीही करीन!"

दारावरची बेल वाजली तसे मोजणीकाका तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली. इकडे भाचीने पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली दाबलं आणि माइक मामांपुढे सरकवला.

"तर मामा, ही जोडी इथे कधीपासून आहे?"

मामांनी शर्टाची कॉलर नीट केली. मुलाखतीत असं परक्यासारखंच विचारत असतील, अशी त्यांनी समजूत करून घेतली. "छत्तीस वर्षं."

"बाप रे! एवढी जगतात?"

"तब्येत सांभाळली तर जगतात," मामा जरा दुखावून म्हणाले.

"आणि दिवसाउजेडी बाहेर दिसतात का?"

"आता दिसतो. पूर्वी तो पुढे चालायचा आणि मी वीस पावलं मागून. पण मी पडदे रंगवायचो ना, त्या शेडमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसायचा. मी रंगवलेल्या अरण्यातली झाडं मोजायचा आणि म्हणायचा, असलं पान कुठल्याही झाडाला नसतं रे." मामांचा आवाज ओला झाला. "तेवढ्या एका खोट्या जंगलात आम्ही खुशाल बसायचो बघ."

भाची लॅपटॉपवरच्या आवाजाच्या रेषा सारख्या करण्यात गुंतली होती. शब्द तिच्या कानांवर पडत होते, डोक्यात शिरत नव्हते.

"भांडतात का फार?"

"रोज. पंख्यावरून."

आता मात्र भाचीने मान वर केली. "पंख्यावरून? मामा, पिंगळे?"

"कसले पिंगळे?"

खुलासा व्हायला दोनच मिनिटं लागली, पण तेवढ्यात मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "पुसून टाक," ते पुटपुटले. "सगळं पुसून टाक. तुझ्या आईला कळलं तर..."

"नक्की, मामा?" भाचीचे डोळे भरले होते. तिने जड हाताने बोट बटणावर नेलं.

स्वयंपाकघराची कडी खाडकन निघाली.

"पुसायचं नाही," मोजणीकाका दारातून म्हणाले.

"अरे, तूच तर म्हणत होतास..."

"म्हणत होतो. पण छत्तीस नाही, सदतीस! पहिलं वर्ष हा माणूस धरतच नाही. का, तर म्हणे मी संध्याकाळी आपल्या घरी जायचो. जायचो, पण वही इथे मुद्दाम विसरून जायचो. परत यायला निमित्त नको?"

मामा बघतच राहिले. "आणि मी इतकी वर्षं तुला विसराळू समजत होतो!"

मोजणीकाका खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. भाचीने नाक पुसलं. "सुरुवातीला पाहुण्यांची ओळख लागते. मामा, तुम्ही चित्रकार. आणि काकांना काय म्हणू? मित्र म्हणू?"

"मित्र नको," मामा घाईघाईने म्हणाले आणि शब्द शोधू लागले. 'सहचर' म्हणून पाहिलं, तर मोजणीकाकांनी असं तोंड केलं की मामांनी तो लगेच मागे घेतला. 'जोडीदार' म्हणताना जीभ अडखळली. जन्मभर ज्या एका शब्दाची वाट पाहिली, तो आता आयत्या वेळी सापडेना. शेवटी मोजणीकाकांनी माइक आपल्याकडे ओढला, मामांकडे न बघताच हात केला, आणि लग्न झालेल्या बायका म्हणतात त्याच लाजऱ्या ठसक्यात जगाला सांगितलं,

"हे आमचे हे."