सत्ताविसावं यश

हसूरवाडीच्या कर्णबधिर निवासी विद्यालयातल्या मुलांची वर्षभराची यशं सोहळ्याच्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने आली, आणि मोजली तेव्हा एक कमी भरलं.

शिरगावकरबाईंनी ती पुन्हा मोजली. यशं शाळेच्या फाटकाशी रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या हातात पिशवी, अंगावर इस्त्रीचे कपडे आणि चेहऱ्यावर परगावच्या पाहुण्यांचा असतो तो भाव, म्हणजे चहा कधी मिळणार हा. धावण्यातलं दुसरं यश एका जागी ठरत नव्हतं, म्हणून बाईंना वाटलं, तेच मोजताना निसटलं असेल. त्याला दंडाला धरून त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं. सव्वीसच.

तसं पाहिलं तर चुकण्यासारखं काही घडलं नव्हतं. बस थांबली, कंडक्टरने "शाळावाले, उतरून घ्या" अशी हाळी दिली, बाईंनी खाली उभं राहून यादी वाचली, आणि नाव ऐकलं की एकेक यश उतरत गेलं. यादी संपली, घंटी वाजली, बस गेली. इतकी वर्षं हे असंच होत आलं होतं.

जिल्हा कार्यालयाच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, 'सोबत यशे, नग सत्तावीस. पोच द्यावी.' शाळेत मुलं सत्तावीस, प्रत्येकाचं वर्षाला एक यश, हा हिशोब सरळ होता. बाईंनी यादीवर खुणा केल्या तेव्हा शेवटची ओळ कोरी राहिली. 'फरिदा इब्राहिम मुजावर, इयत्ता सहावी.' 'कशातील यश' या रकान्यात इतरांपुढे चित्रकला होती, कॅरम होतं, स्पष्ट उच्चार होते. फरिदापुढे 'प्रत्यक्ष पाहावे' एवढंच होतं, आणि प्रत्यक्ष पाहायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं हुकलं असतं तर वाईट वाटलं असतं, पण फरिदाचं हुकायला अजिबात नको होतं. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत गाद्या-उशा भरायचं दुकान. दिवाळीच्या सुटीनंतर ते पोरीला सोडायला आले, तेव्हा फाटकातच म्हणाले होते, "बाई, सहा वर्षं झाली. हिचं एक यश म्हनून माज्या दारात आलं न्हाई. यंदा काय दिसलं न्हाई तर मी हिला घरला नेनार. उशा शिवायला मानूस लागतंयच की." ते हे बोलत असताना फरिदा आत चालली होती, आणि त्यांनी "फरिदा, ए फरिदा" अशी पाठीमागून हाक मारली. ते सहा वर्षं तिला पाठीमागूनच हाक मारत होते. ती वळली नाही की त्यांना वाटायचं, पोरगी हट्टी आहे.

खरं म्हणजे फरिदाची यशं यायची, पण दरवेळी उशिरा, आणि नियम कडक होता. सोहळ्यात राष्ट्रगीत सुरू होण्याआधी जे यश मंचावर आपल्या जागी बसलेलं नसेल, ते कार्यालयाकडे परत जातं आणि गरजू शाळेला दिलं जातं. दोन वर्षांपूर्वी एका मुलाचं कॅरममधलं यश वाटेत गाडी बिघडल्यामुळे असंच परत गेलं, ते एका अशा शाळेला मिळालं जिथे कॅरमबोर्डच नव्हता. तिथे ते अजून व्हरांड्यात बसून असतं म्हणतात.

मुख्याध्यापक चौगुलेसर पत्र हातात घेऊन आले.

"बाई, पोच कितीची देऊ?"

"सत्ताविसाची द्या सर."

"आलेली सव्वीस आहेत."

"मग जरा थांबा."

"मी थांबतो. पोच थांबत नाही." सर वाईट माणूस नव्हते, पण कागद हातात आला की ते कागदासारखे बोलत. "आणि खुर्च्याही मी सव्वीसच सांगितल्यात. रिकामी खुर्ची मंचावर बरी दिसत नाही."

बाईंनी संध्याकाळपर्यंत सगळं पालथं घातलं. स्वच्छतागृहं पाहिली, फाट्यावरची टपरी पाहिली, उसाच्या कडेने चालत जाऊन आल्या. तोवर सव्वीस यशं जेवायला बसली होती. स्पष्ट उच्चारातलं यश फारच बोलत होतं आणि स्वयंपाकघरातली पारूमावशी त्याला वाढता वाढता कंटाळली होती.

सकाळी नाश्त्याला फरिदा दिसली आणि बाईंना सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पोरीने दोन वेण्या घट्ट घातल्या होत्या, नवी रिबीन लावली होती. बाईंनी तिला बाजूला घेऊन हातांनी सांगितलं, तुझं यश आलेलं नाही. सांगताना त्यांचे हात अडखळत होते, म्हणजे फरिदाच्या दृष्टीने त्या चाचरत बोलत होत्या.

फरिदा रडली नाही. प्रश्न विचारण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे.

"ते बसमध्ये बसलं होतं का?"

"पत्रात तरी तसंच आहे."

"तुम्ही आत चढून पाहिलंत?"

"नाही. मी खालून नावं वाचली."

"कशी?"

बाईंनी करून दाखवलं. तोंडाशी हात नेला आणि तोंड उघडलं. फरिदा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "त्याला ऐकू येतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाई मटकन बाकावर बसल्या. या शाळेत त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. मागून हाक मारू नये, समोर जावं, नाहीतर खांद्याला हात लावावा, खोलीत सगळ्यांना एकदम सांगायचं असेल तर दिवा लावून विझवावा, हे त्यांनी पालकांना शिकवलं होतं, पोस्टमनला शिकवलं होतं, लस टोचायला येणाऱ्या सिस्टरांना शिकवलं होतं. आणि स्वतः बसच्या दाराशी उभं राहून बहिऱ्या मुलीच्या यशाला बोंबलून बोलावलं होतं; बाकीची सव्वीस नाव ऐकून उतरली, म्हणून हेही ऐकेल असं धरलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांना इतकी लाज वाटली की फरिदानेच त्यांच्यापुढे चहा सरकवला.

मग त्यांनी आगाराला फोन लावला.

"सामान हरवलंय की प्रवासी?" पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं.

"यश आहे."

"तिकीट काढलेलं?"

"हो. पूर्ण."

"म्हणजे प्रवासी. मग उतरलं का नाही?"

"त्याला ऐकू येत नाही. कंडक्टरची हाळी त्याला कळली नसणार."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "गाडी काल मुक्कामाला घाटाखाली गेली. खिडकीशी एक जण बसून आहे, उतरत नाही, अशी नोंद आहे. त्रास काही नाही. गाडी आज उलट येईल, तुमच्यावरून पाच वाजायला दहा कमी असताना जाईल."

"मग शाळेपाशी थांबवाल ना?"

"शाळेपाशी थांबा नाही."

"काल थांबली होती की!"

"काल पत्र होतं. विशेष थांबा, एक दिवसापुरता." गृहस्थ समजुतीने बोलले. "कंडक्टर फाट्यावर हाळी देईल की बाई. नेहमी देतो."

राष्ट्रगीत पाचला होतं.

सोहळा तीनला सुरू झाला. अध्यक्ष म्हणून विस्तार अधिकारी नलवडेसाहेब आले. मंचावर सव्वीस खुर्च्यांवर सव्वीस यशं बसली. एकेक नाव पुकारलं जाई, बाई ते हातांनी सांगत, मूल वर जाऊन आपल्या यशाचा हात हातात घेऊन त्याच्या पायाशी बसे, आणि खाली बसलेली सगळी मुलं दोन्ही हात उंच करून पंजे हलवत. या शाळेत टाळी अशीच असते. यशांना मात्र ते ठाऊक नव्हतं. आपल्याला कुणी टाळ्याच वाजवत नाही असं वाटून लांब उडीतलं यश हिरमुसलं, तेव्हा त्याच्या मुलाने त्याची हनुवटी धरून तोंड समोर वळवलं. समोर सगळं मैदान पंजांनी भरलं होतं. ते बघून ते खुर्चीत नीट बसलं.

पालकांच्या पहिल्या रांगेत इब्राहिमभाई मुजावर होते. शेजारी पत्र्याची पेटी. पेटी रिकामी होती, उचलून आणताना ती वाजली तेव्हाच बाईंना कळलं होतं. वसतिगृहातलं फरिदाचं सामान त्या पेटीत मावलं असतं.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "समद्यांची झाली जनू. आमच्या पोरीचं?"

"वाटेत आहे, भाई."

"सहा वर्षं वाटंतच हाय त्ये." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि बाईंना तेच सोसवेना. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

साडेचारला नलवडेसाहेब भाषणाला उभे राहिले. त्यांनी दिव्यांग शिक्षणाच्या इतिहासापासून सुरुवात केली. बाई भाषणाचा हातांनी अनुवाद करत होत्या, पण डोळे घड्याळावर होते, आणि दोनदा त्यांच्या हातून साहेबांच्या वाक्याऐवजी 'दहा मिनिटं' असं निघून गेलं. दुसऱ्या वेळी फरिदा उठली. तिने कुणाची परवानगी घेतली नाही. ती फाटकाकडे चालू लागली, आणि तिच्यामागे सगळी मुलं उठली. मुलांनी आपापल्या यशांचे हात सोडले नव्हते, त्यामुळे मंचही रिकामा झाला.

"बाई, हे काय चाललंय?" चौगुलेसर कुजबुजले.

"सत्ताविसाची पोच द्यायचीय सर," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या. मागे साहेबांचं भाषण अडसष्ट सालापर्यंत आलं होतं.

शाळेपुढे रस्ता चढाचा आहे, तिथे गाडी बैलाच्या चालीने येते. फरिदाने रस्त्यावर आडवी रांग लावली, मूल आणि यश, मूल आणि यश. मधोमध ती एकटी उभी राहिली. बाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

बस वळणावर दिसली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. रांगेतलं एकही मूल हललं नाही. त्याने पुन्हा वाजवला, लांबलचक. यशं बिचारी दचकली, स्पष्ट उच्चारातलं यश तर पळायलाच निघालं होतं, पण त्यांचे हात मुलांच्या हातांत होते आणि मुलांना पळण्यासारखं काही ऐकू आलं नव्हतं. बाईंना मात्र सगळं ऐकू येत होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हॉर्नकडे दुर्लक्ष केलं. बस पाच हातांवर येऊन थांबली.

"ऐकू येत न्हाई व्हय?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"नाही," बाई म्हणाल्या.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

शेवटून दुसऱ्या खिडकीत यश बसलं होतं. काल दुपारपासून एकाच जागी बसून त्याचे कपडे चुरगळले होते. मांडीवर पिशवी, नजर बाहेर. फरिदा खिडकीखाली गेली आणि तिने हात वर केला. यशाने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की कंडक्टरने आपण होऊन दार उघडलं. उतरता उतरताच ते बोलायला लागलं. दोन्ही हातांनी, भराभर, पिशवी दंडाला लटकवून. फरिदाही बोलायला लागली. दोघं एकमेकांसमोर उलटं-सुलटं चालत फाटकातून आत शिरली.

"काय म्हणतंय?" चौगुलेसरांनी विचारलं.

बाई बघत राहिल्या. एकोणीस वर्षं त्या हातांची भाषा बोलत होत्या, पण हे त्यांच्या पुढचं होतं. "मला सगळं कळत नाही, सर," त्या म्हणाल्या, आणि त्यांना वाईट वाटायच्या ऐवजी आनंदाने हुंदकाच आला.

पाच वाजायला दोन मिनिटं होती. मंचावर सव्वीस यशं आपापल्या खुर्चीत बसली. सत्ताविसावं उभंच राहिलं.

"जागी बसलेलं पाहिजे," नलवडेसाहेब म्हणाले. भाषण अर्धं राहिल्यामुळे ते नियमाला धरून होते. "उभं धरता येणार नाही."

सर स्टूल आणायला ऑफिसकडे धावले. ऑफिसला कुलूप होतं आणि किल्ली सरांच्याच मंचावरच्या कोटात होती. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि डोळे मिटले.

तेवढ्यात पत्रा वाजला. इब्राहिमभाईंनी पेटी उचलली होती. ते मंचावर चढले, रांगेच्या टोकाला पेटी आडवी ठेवली, वर आपला रुमाल अंथरला आणि हाताने दाखवलं, बसा. यश बसलं. बोलायचं अर्धं राहिलं होतं म्हणून ते फरिदाकडे तोंड करून बसलं, म्हणजे लोकांकडे पाठ करून. त्याबद्दल नियमात काही नव्हतं. साहेबांनी मान डोलावली. बाईंनी यादी पुढे ओढली आणि 'प्रत्यक्ष पाहावे' याच्या पुढे लिहिलं, 'पाहिले.'

राष्ट्रगीत हातांनी म्हणायचा मान त्या वर्षी फरिदाचा होता. ती मंचाच्या पुढच्या कडेला जाऊन सगळ्यांसमोर उभी राहिली. ध्वनिफीत सुरू झाली, मैदान उठून उभं राहिलं, सव्वीस यशं उठली. सत्ताविसावं बसूनच होतं. त्याच्या पाठीमागे काय चाललंय हे त्याला कळायला मार्ग नव्हता, आणि फरिदाचे हात गुंतलेले होते.

इब्राहिमभाई त्याच्या पाठीशी ताठ उभे होते. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं. मग तोंड मिटून ते एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी यशाच्या खांद्याला हळूच हात लावला.

यश वळलं, त्यांच्याकडे पाहून हसलं आणि उभं राहिलं.

पेटी तेव्हापासून शाळेतच आहे. दरवर्षी यशं आली की ती रांगेच्या टोकाला मांडतात, आणि खुर्च्या सव्वीसच सांगतात.