मेलेला मासा, वाळलेलं झाड

“अक्षरं मी एकसष्टाव्या वर्षी शिकलो, पण चित्रं मला पाळण्यापासून वाचता येतात!”

ब्लागोतानं हे छातीवर हात मारून सांगितलं, आणि मंडळी, पुढचा सगळा घोळ त्या छातीतूनच निघाला.

ब्लागोता स्कादर सरोवराचा कोळी. घराण्याचा संत म्हणजे संत निकोला. त्याचा सण गेल्या वर्षी त्यानं एकुलत्या मुलाच्या, गोयकोच्या, हवाली केला होता. म्हणजे एकोणीस डिसेंबरला पाहुणे आता गोयकोकडे, पार उत्तरेच्या डोंगरात! उपासाचा दिवस, मांस वर्ज्य, ताटात मासाच हवा. आणि या घराच्या ताटात त्या दिवशी पणज्यापासून सरोवराचा धुरवलेला कार्पच आलेला. ब्लागोताचा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, त्याला जाणं शक्य नव्हतं. निदान मासा तरी पोचायलाच हवा! पण पहिलं पार्सल टपाल कचेरीच्या दारातूनच परत आलं.

“काका,” कचेरीतली सेंका म्हणाली, “आत काय आहे ते बाहेरून कळलं पाहिजे. नीट लेबल लावा, नाहीतर पुन्हा परत!”

“लेबल ना? लावतो की!”

होड्या रंगवणाऱ्या मित्राच्या शेडमध्ये रंगाच्या डब्यांबरोबर आलेले स्टिकर पडले होते. ब्लागोतानं त्यातले निवडून आणले आणि खोक्यावर थापले.

“अरे माणसा, हे काय चिकटवतोयस?” त्याची बायको स्ताना म्हणाली.

“वाच! लाल चौकटीत जाळ, म्हणजे धुरवलेला. या दुसऱ्या चौकटीत मासा. त्याच्या शेजारी वाळुंज, ज्याच्या लाकडाचा धूर दिला ते झाड. अख्खी पाककृती आहे!”

“आणि हे दोन बाण?”

“धूर कुठे जातो? वर!”

स्तानानं खोका बांधायला दोरी आणून दिली. नवऱ्यानं इतकं सलग काही वाचलेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

सेंका त्या दिवशी रजेवर होती. तिच्या जागी बसलेल्या माणसानं खोक्याचं वजन केलं, जांभई दिली आणि शिक्का मारला.

अठराच्या सकाळी उत्तरेच्या गोदामातून फोन आला. पलीकडचा माणूस भलताच घाबरलेला.

“तुमच्या पार्सलवर मेलेला मासा आहे!”

“मग? जिवंत पाठवू की काय?”

“अहो, झाडही वाळलेलं आहे!”

“डिसेंबर आहे, बाबा! पानं कुठून येणार?”

“आत आहे ते... जळतं का?”

“छे! दोन दिवस नुसतं धुमसवलंय.”

“धु... धुमसवलंय? गळतंय का?”

“थोडं तेल सुटणारच. तीच तर मजा!”

“आणि वास?”

“तीन घरं ओलांडून जातो. मांजरं वेडी होतात.”

“आणि माणसांना?” आवाज आता उंदराएवढा झाला होता.

“वीस माणसांना पुरून उरेल!”

पलीकडे फोन पडला. मग शिट्टी वाजली आणि बरीच पावलं धावली.

“मासा आहे म्हणून सांगितलंस का?” स्तानानं विचारलं.

“चित्र लावलेलं असताना सांगायचं कशाला?”

पण मग तो स्वतःच फोन लावत बसला. एकदा, पाचदा, वीसदा. कोण उचलणार? सगळं गोदाम बाहेर बर्फात उभं होतं! ब्लागोता पायरीवर बसला. “पोराचा पहिला सण,” तो म्हणाला, “आणि पाहुण्यांपुढे वालाची उसळ.” स्तानानं त्याच्या गुडघ्यावर शाल टाकली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गोयकोचा फोन!

“बाबा, काय पाठवलंत? पुढे बर्फ काढणारी गाडी, मागे दिवा लावलेली गाडी, त्यातून पिवळ्या अंगरख्यातली, तोंडाला मुखवटे लावलेली दोन माणसं उतरली! निम्मे पाहुणे मागच्या खिडकीतून पळाले!”

ती चित्रं म्हणे जळाऊ, विषारी मालाची, आणि असलं पार्सल गोदामात ठेवायचं नाही असा नियम. परतीचा घाट बर्फानं बंद, आणि गोयकोचं घर आठ किलोमीटरवर. मग काय करतात बिचारे!

“मासा, गोयको! माशाचं सांग!”

“त्यांनीच चिमट्यानं खोका उघडला. वास आला, तसे मुखवटे उतरले. सणाला दारात आलेल्याला हाकलायचं नाही, तुम्हीच शिकवलंत. बसलेत दोघे. तिसरं ताट चाललंय!”

ब्लागोता डोळे पुसत हसला. आठवड्यानं कचेरीतून साहेब आला, चांगला तासभर ओरडला आणि पुन्हा अशी चित्रं लावणार नाही असं लिहून घेतलं. ब्लागोतानं खाली वळणदार सही ठोकली. अंगठ्याऐवजी सही केलेला आयुष्यातला पहिलाच सरकारी कागद!

यंदा त्यानं सगळं सेंकासमोर केलं. एकही चित्र नाही. सुंदर अक्षरात लिहिलं: “धुरवलेला मासा. खाण्याचा. लवकर पोचवा.” सेंकानं शाबासकी दिली.

पार्सल सण उलटून पंधरा दिवसांनी, तीन जानेवारीला पोचलं.

स्तानानं खिडकीतून रंगाच्या शेडकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“नाही,” ब्लागोता हळूच म्हणाला. “सही केलीय मी. अंगठा असता तर म्हणालो असतो, माझा नाही!”