पंचाने घेतलेला झेल

डॉक्टरांनी क्लेम हॅरिगनचा गुडघा दाबून पाहिला आणि फर्मावलं, "धावायला हरकत नाही, धक्काबुक्की आणि उड्या बंद." क्लेमला गुडघ्याचं दुःख नव्हतं, शनिवारचं होतं. टॅलगारा गावात शनिवारी पुरुष एकतर फुटबॉलच्या मैदानात असतो, नाहीतर क्लबाच्या कँटीनमध्ये बटाटे तळतो. कँटीन त्याची बायको डेल्मा चालवायची. तिने एप्रन धुऊन तयारच ठेवला होता.

म्हणून क्लेम पंच झाला.

"तू?" डेल्मा हसली. "इतकी वर्षं ज्यांना आंधळे म्हणालास, त्यांच्यातच जाऊन बसलास?"

"बसलो कुठे? मैदानात पळणार आहे!"

पंचांचा दुष्काळ इतका, की पहिलाच सामना त्याच्या गावाचा निघाला. टॅलगारा विरुद्ध डनबीक. कुंपणाला नाक लावून उभ्या गाड्यांमधून दोन्ही गावं त्याला सारख्याच शिव्या घालत होती. म्हणजे काम चोख चाललं होतं.

शेवटचं मिनिट. टॅलगारा चार गुणांनी पुढे, आणि एका गोलाचे गुण सहा. डनबीकच्या धिप्पाड आघाडीवीराकडे उंच चेंडू आला. क्लेमने तो पाहिला आणि पुढचं सगळं हातापायांनी परस्पर उरकलं. त्या गड्याच्या खांद्यावर गुडघा रोवून क्लेम हवेत गेला आणि चेंडू छातीशी घेऊन खाली आला. इथल्या फुटबॉलात चेंडू हातांनी झेलणाऱ्याला किक मिळते, आणि झेल झाला की पंचाने शिट्टी वाजवायची असते. त्याने तीही वाजवली.

"आता किकही तूच मार!" डनबीकचा कप्तान किंचाळला. तेवढ्यात सामना संपल्याचा भोंगा वाजला. टॅलगाराच्या गाड्यांनी हॉर्नचा दणका उडवला.

चौकशीत टॅलगाराचे अध्यक्ष मर्व्ह टिंडल एवढंच म्हणाले, "झेल मात्र स्वच्छ होता." शिट्टी काढून घेतली गेली.

पुढच्या शनिवारी पंचच मिळेना. कँटीनच्या खिडकीतून ओरडून ओरडून डेल्माला नियम तोंडपाठ होते. तिनेच शिट्टी घेतली. एप्रन क्लेमच्या गळ्यात पडला.

टॅलगाराला दोन गुणांची आघाडी, शेवटची काही मिनिटं, आणि डेल्माने पाहुण्यांना किक दिली. क्लेमचा झारा खिडकीबाहेर आला.

"अगं, डोळे घरी ठेवून आलीस का?"

डेल्माने शिट्टी फुंकली. "पंचाला अपशब्द! पाहुण्यांचा चेंडू पन्नास मीटर पुढे!" म्हणजे थेट गोलखांबांसमोर.

"बाई, आम्ही काय केलं?" टॅलगाराचा कप्तान कळवळला.

"तुमच्या कँटीनला विचारा."

गोल झाला, सामना गेला. मर्व्ह टिंडल कँटीनच्या दारात येऊन उभे राहिले. क्लेमने करपलेले बटाटे पाठीमागे लपवले.

"क्लेम, गुडघा कसा आहे रे?"

"डॉक्टर नाही म्हणतात."

"डॉक्टरांना मी समजावतो. शनिवारी खेळायला ये. मैदानाबाहेर तू आम्हाला फार महाग पडतोस."