मागच्याला इचारा

आमच्या आळीतले धोंडूभाऊ लोणावळ्याच्या बाजारातून एकटेच ओरडत चालत. "डाव्या अंगाला खड्डा!" म्हणायचे, क्षणभर थांबायचे आणि मग पाऊल टाकायचे. मागे कोणी नसे. पानवाला हसायचा; मी शाळेत मास्तर, पण मीही हसायचो. मास्तर झाला म्हणून माणूस काही शहाणा होत नाही.

वीस वर्षं त्यांनी मळवली स्टेशनावर उतरणाऱ्या पाहुण्यांना डोलीतून गडावर नेलं. पुढे धोंडूभाऊ, मागे शेजारचे कासमभाई. डोलीमुळे मागच्याला वाट दिसत नाही. म्हणून पुढच्याने दगड, खड्डा ओरडून सांगायचा, मागच्याने "उमगलं!" म्हणायचं, मगच पाऊल. गेल्या पावसाळ्यात कासमभाई तापाने गेले. धोंडूभाऊंच्या उंचीला जुळणारा दुसरा खांदा काही मिळेना. डोली भिंतीला लागली आणि धोंडूभाऊ माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले.

"मास्तर, दोन चुली हायेत. एक माझी, एक कासमची."

मी त्यांना पढवलं, "अनुभव नाही असं म्हणायचं नाही. जे येतं ते सांगायचं."

हा उपदेश त्यांनी फारच मनावर घेतला. एका बंगल्यावर शेठने विचारलं, "स्वयंपाक येतो?"

"न्हाई. पर मानूस किती जेवलाय, ते उचलल्याबरुबर सांगतो."

शेठ अंगाने चांगलेच भरलेले होते. टपाल कचेरीत विचारलं, सायकल येते का? "न्हाई. पर सायकल आन् सायकलवाला, दोगांस्नी गडावर नेतो." कोणी जुन्या कामाचा दाखला मागितला की उत्तर एकच: "पुढच्याचं काम मागच्याला इचारा." मग अर्ज उचलून निघायचे.

अखेर दवाखान्यात रुग्ण उचलायला माणूस हवा होता. मला वाटलं, देवच पावला. मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी परीक्षेला कंपाउंडरलाच स्ट्रेचरवर झोपवलं. मागे वॉर्डबॉय, पुढे धोंडूभाऊ. काय झोकात उचललं!

"पायरी!" ते गरजले. आणि थांबले.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

"मागनं आवाज न्हाई आला, सायेब."

"आवाज कशाला हवा? चला तुम्ही."

त्यांनी पाय उचलला, पण तो पुढे पडेना. पुन्हा "पायरी!" म्हणाले, पुन्हा थांबले. तिसऱ्या वेळी कंपाउंडर आपणहून खाली उतरला. मी मागेच, दारात उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर काम झालं असतं. पण चारचौघांत मला लाज वाटली.

परतताना ते पुढे, मी मागे. "कासमच्या बायकूला आता काय सांगू, मास्तर?" उतारावर ते म्हणाले, "उजवीकडं दगड!" आणि सवयीने थांबले.

"उमगलं," मी पुटपुटलो.

ते वळले नाहीत. मुंडाशाच्या टोकाने डोळे पुसले. "लय हळू बोलता, मास्तर. कासम डोंगर हालवायचा."

बाजार आला. पानवाला बघतच होता. धोंडूभाऊ म्हणाले, "डाव्या अंगाला खड्डा!"

मी त्याच्यादेखत, घसा फुटेस्तोवर ओरडलो, "उमगलं!"